दोन मिलिमीटर

बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी स्क्रू ड्रायव्हर घसरला आणि चाकवाल्याच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. रक्त फार आलं नाही. त्याने अंगठा तोंडात धरला आणि दुसऱ्या हाताने चाक दिव्याखाली ओढलं. पुढचं चाक होतं, छत्तीस स्पोकचं, उद्या पहाटे घाटाकडे निघणाऱ्या गिऱ्हाइकाचं, ज्याला दुकानात डोंगरवाला म्हणत. स्पोकच्या टोकावर पितळेची जी बारीक टोपी फिरवून बसवतात, जिला धंद्यात निपल म्हणतात, तिच्या डोक्यावर एक खाच असते. स्क्रू ड्रायव्हरचं पातं त्या खाचेत बसतं. आज ते बसत नव्हतं, कारण खाचेतून स्पोकचं टोक वर डोकावत होतं. आवळण्याची अजून एक फेरी बाकी होती आणि टोकं आत्ताच बाहेर आली होती. त्याने एकेक निपल बोटाने चाचपलं. छत्तीसच्या छत्तीस. एखादं असतं तर हात चुकला म्हणता आलं असतं. छत्तीस एकदम चुकतात तेव्हा हात चुकलेला नसतो, आकडा चुकलेला असतो.

आकडा खिळ्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर होता. दोनशे चौऱ्याण्णव. बायकोचं अक्षर, चारच्या पोटात नेहमीसारखी गाठ. रिम आणि चाकाचा मधला गड्डा म्हणजे हब मोजायचं, तक्त्यावरून स्पोकची लांबी काढायची आणि चिठ्ठीवर लिहून खिळ्याला लावायची, हे काम चौदा वर्षं तिचं होतं. स्पोक कापायचे, आटे पाडायचे आणि चाक बांधायचं हे त्याचं. मधे भिंत नव्हती, तिचं टेबल त्याच्या स्टँडपासून चार पावलांवर होतं, तरी आकडा तोंडाने कधी सांगितला जात नसे. कागदावर असलं की भांडण होत नाही, असं ती पहिल्याच महिन्यात म्हणाली होती, आणि ते खरं ठरलं होतं. त्याने जास्तीचा कापलेला स्पोक उचलला. प्रत्येक चाकामागे एक स्पोक जास्तीचा कापून गिऱ्हाइकाला द्यायची वडिलांची पद्धत त्याने चालू ठेवली होती. पट्टीवर ठेवला. दोनशे शहाण्णव. बरोबर होतं. म्हणजे त्याने जे करायचं ते केलं होतं. चिठ्ठीवरचा आकडा घ्यायचा, त्यात दोन मिलिमीटर मिळवायचे, आणि मशीन त्यावर लावायचं. हे दोन मिलिमीटर कुठे लिहिलेले नव्हते. बायकोला ते ठाऊक नव्हते. निदान दहा चाळीसपर्यंत त्याची तशी समजूत होती.

लांबीच्या बाबतीत त्याचा हिशोब साधा होता. एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर चाक सांभाळून घेतं. दोन लांब झाला तर टोक वर येतं, ट्यूब फोडतं, आवळायला आटे उरत नाहीत, आणि निदान ते डोळ्यांना दिसतं. दोन आखूड झाला तर काहीच दिसत नाही. चाक सरळ फिरतं, बोटाने छेडलं तर सूरही बरा लागतो, गिऱ्हाईक आभार मानून जातं. आत मात्र आटे निपलच्या डोक्यापर्यंत पोहोचलेले नसतात, सगळा ताण मानेवर असतो, आणि एखाद्या वळणावर ती मान तुटते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हेच झालं होतं. भूगोल शिकवणाऱ्या एक बाई, रोज त्याच रस्त्याने शाळेत जाणाऱ्या, पाण्याच्या टाकीपाशी वळताना पडल्या. मनगट मोडलं. त्यांच्या भावाने चाक दुकानात आणून टेबलावर ठेवलं. रिमच्या पोकळीत निपलांची तुटलेली डोकी खुळखुळत होती. त्याने उरलेले स्पोक काढून पाहिले, सगळे आखूड. बायको तेव्हा शेजारी उभी होती, मोजायला लागून तिला जेमतेम सहा महिने झाले होते. तिने विचारलं, "माझं काही चुकलं का हो?" तो म्हणाला, "रिमच खराब होती." त्या दिवसापासून तो दोन मिळवायला लागला. त्याला वाटलं होतं, हे प्रेमाचं काम आहे. चूक दाखवायची नाही, नुसती भरून काढायची.

बायको हार्डवेअरच्या बाजारात गेली होती, एकच्या आत येणार नव्हती. त्याने दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून घेतला आणि तिच्या टेबलाचा खण उघडला. खणाला कुलूप नव्हतं. चौदा वर्षांत त्याने तो उघडला नव्हता, यात तो आजवर स्वतःचा मोठेपणा समजत आला होता. आत मऊ कापडात गुंडाळलेल्या मापाच्या दोन कांड्या होत्या. दोन्ही बरोबर अडीचशे मिलिमीटरच्या, टोकाला निपल पक्कं बसवलेलं. रिमच्या समोरासमोरच्या भोकांतून त्या आत ढकलायच्या, ताणून धरायच्या आणि मधलं अंतर पट्टीने मोजायचं. त्याने आधी कांड्याच मोजल्या. अडीचशे, अडीचशे. केसाचाही फरक नाही. मग डोंगरवाल्याच्या चाकाचे चार स्पोक सोडवून रिम मोजली, हबच्या कडा मोजल्या, तक्ता लावला. दोनशे चौऱ्याण्णव. पुन्हा केलं. दोनशे चौऱ्याण्णव. चिठ्ठी बरोबर होती. पहिल्यांदाच चिठ्ठी बरोबर होती, आणि म्हणूनच चाक चुकलं होतं.

इथे खरं तर थांबता आलं असतं. बायको आता नीट मोजायला शिकली, चौदा वर्षांनी का होईना, असं म्हणून हसता आलं असतं. पण भिंतीवर दुसरी एक रिम टांगलेली होती, मागच्या महिन्यात मोजून ठेवलेली, गिऱ्हाइकाने हब न आणल्यामुळे रखडलेली, आणि तिच्या भोकात चिठ्ठी गुंडाळून खोचलेली होती. हब परवाच आलं होतं, आणि तेव्हाच तिने लांबी काढून लिहिली होती. चिठ्ठीवर दोनशे शहाऐंशी. त्याने त्याच कांड्यांनी ती रिम मोजली, हब मोजलं, तक्ता लावला. दोनशे अठ्ठ्याऐंशी. तो तिच्या खुर्चीवर बसला. कांड्या खरं बोलत होत्या. त्या दोनशे अठ्ठ्याऐंशी सांगत होत्या आणि ती ते वाचत होती, आणि टेबलापासून खिळ्यापर्यंतच्या दीड पावलात त्यातले दोन काढून ठेवत होती. चूक अशी नसते. चूक कधी तीनची असते, कधी अर्ध्याची. दर वेळी नेमकी दोनाची असते ती चूक नव्हे. ज्याला समोरचा दोन वाढवणार हे माहीत आहे, तोच दोन कमी लिहितो. म्हणजे तिला माहीत होतं.

केव्हापासून? त्याने मागे जाऊन शोधायला सुरुवात केली, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं की किती नीट सगळं सापडत गेलं. जास्तीचा स्पोक. तो रोज तिच्याच टेबलावर ठेवला जाई, पावतीबरोबर बांधायला. पट्टी तिच्या हाताशी, स्पोक तिच्या हाताशी, मोजायला किती वेळ लागतो? मग त्याला लग्नानंतरचं तिसरं वर्ष आठवलं. त्या वर्षी तीन-चार महिने चाकं लांब यायला लागली होती. टोकं कानशीने घासून घासून त्याचे खांदे भरून आले होते, आणि त्याने रिमच्या कंपनीला शिव्या घातल्या होत्या. ती म्हणाली होती, "होईल हो नीट." आणि पुढच्याच आठवड्यापासून झालं होतं. त्याने तेव्हा कारण विचारलं नव्हतं. नीट चालू लागलेल्या गोष्टीचं कारण कोण विचारतं? आणि त्याच्याही आधी, तिसरं वर्ष सुरू होताना, वडिलांची लाकडी पट्टी मोडली होती. हे आठवलं तसा तो उठून उभा राहिला. वडिलांची पट्टी, टोकाला झिजलेली, टोकाचा पितळी पत्रा निखळलेला. ती मोडली तेव्हा त्याने चुलीत घातली आणि पोलादी आणली. स्पोक तो त्याच लाकडी पट्टीवर मोजून कापत असे. तिचं टोक किती झिजलं होतं? एक मिलिमीटर? दोन? शून्याचा आकडाच दिसत नव्हता एवढं मात्र नक्की आठवत होतं. भूगोलाच्या बाईंच्या चाकाचं माप बायकोने बरोबर दिलं असेल आणि त्यानेच ते झिजलेल्या पट्टीवर आखूड कापलं असेल, हा विचार त्याला चौदा वर्षांत एकदाही शिवला नव्हता. आता शिवला, आणि अंगाला कपडा चिकटावा तसा चिकटून बसला. त्याने मिळवलेले दोन तेव्हा पट्टीची झीज भरून काढत असतील, तर पोलादी पट्टी आल्यावर तेच दोन जास्तीचे झाले असणार. तपासायला काही उरलं नव्हतं. पट्टी जळून गेली होती.

तर मग ती चौदा नाही, अकरा-बारा वर्षं तरी रोज त्याला दोन कमी सांगत होती, आणि तो रोज त्यात दोन मिळवत होता, आणि चाकं उत्तम होत होती. गावभर त्यांच्या चाकांचं नाव होतं. नवरा-बायकोचं काम कसं एका हाताचं वाटतं, असं लोक म्हणत, आणि ती मान खाली घालून हसत असे. ते हसू त्याने आता पुन्हा डोळ्यांसमोर आणून पाहिलं. त्यात काय होतं? तिने आणखी कशातून दोन काढले असतील? ताप आला तर ती "जरा कसकस आहे" म्हणते. आईच्या आजारपणात "मला काही त्रास नाही" म्हणाली होती आणि सहा किलोंनी उतरली होती. त्याने नवा शर्ट घातला की "बरा आहे" म्हणते. त्यात दोन मिळवले तर काय येतं? आणि तो तरी सरळ कुठे ऐकतो? ती दहा मिनिटांत येते म्हणाली की तो वीस धरतो. ती काही नाही म्हणाली की तो काहीतरी धरतो. एकाने कापून सांगायचं आणि दुसऱ्याने जोडून ऐकायचं, यालाच लोक संसार म्हणत असतील तर म्हणोत. पण मग काल तिने कापलं का नाही?

हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा वाईट होता. बारा वर्षांची सवय हातात असते, डोक्यात नसते. ती चुकायची तर त्याला काही कारण लागतं. आणि कारण त्याच्याकडे तयार होतं. खरं सांगायचं तर ते महिनोन्महिने तयार होतं, फक्त त्याला लावायला जागा नव्हती. दर मंगळवारी ती ताईकडे जात असे. तिची मोठी बहीण पुलापलीकडे राहत होती, एकटी. दुपारी जायची, संध्याकाळी सातपर्यंत परत. मागच्या थंडीत एका मंगळवारी ती आली तेव्हा तिच्या हातांना जवसाच्या तेलाचा वास येत होता. हे तेल त्याच्या दुकानात नव्हतं. तो आट्यांना मशीनचं तेल लावायचा. जवसाचं तेल लावायचा तो पुलाजवळचा दुसरा चाकवाला, ज्याला हा घरात नेहमी जवशा म्हणायचा. जवसाचं तेल सुकून चिकट होतं आणि निपल हलत नाही, असं त्याचं म्हणणं. "ताईने खिडक्यांना तेल दिलं, मी हात लावला," ती न विचारताच म्हणाली होती. न विचारता. हेच त्याच्या लक्षात राहिलं होतं. आता त्याने ते दोन तुकडे एकमेकांना लावले आणि ते बसले. जवशाकडे ती मापं देत असणार. तिथे कुणी दोन मिळवत नाही, म्हणून तिथे ती खरं माप लिहिते. काल मंगळवार होता. काल संध्याकाळी तिथून येऊन तिने डोंगरवाल्याची रिम मोजली, आणि हात अजून तिथलाच होता. परक्याला खरं सांगायची सवय घेऊन ती घरी आली होती.

ती सव्वाएकला आली, दोन पिशव्या घेऊन. त्याने दरवाजा पूर्ण उघडून ठेवला होता आणि कांड्या कापडात गुंडाळून खणात ठेवल्या होत्या.

"अहो, अंगठ्याला काय झालं?"

"घसरला."

"पट्टी तरी बांधायची. रक्त चाकाला लागलंय." तिने पिशव्या ठेवल्या, चाकाजवळ आली, निपलांकडे पाहिलं. एकच क्षण. त्याने तो क्षण घड्याळाकडे बघावं तसा बघितला. मग ती म्हणाली, "हे लांब आलेत."

"हो."

"पुन्हा कापायचे?"

"पुन्हा कापायचे. छत्तीस."

"मी आटे पाडू का? दोघांनी केलं तर चारपर्यंत होईल."

"लांब का आले, असं नाही विचारलंस."

ती पिशवीतून वायसरची पाकिटं काढत होती. ती तशीच काढत राहिली. "तुम्ही सांगाल की," ती म्हणाली. "मी विचारून तुम्ही काही सांगितलंय असं आठवतंय का तुम्हाला?"

हे ती हसत म्हणाली. तिने खण उघडला, कापड बाहेर काढलं, आणि तिचा हात थांबला.

"माझ्या कांड्या काढल्या होत्या?"

"का?"

"मी गाठ डावीकडे मारते."

"पाहिल्या जरा. बरोबर आहेत का ते."

"मग? आहेत?"

"आहेत."

"बरं झालं," ती म्हणाली आणि गाठ सोडून पुन्हा डावीकडे मारली. त्यापुढे जेवण होईपर्यंत दोघांत एवढंच बोलणं झालं की मीठ कमी आहे आणि नळाला पाणी आहे का. त्याला विचारायचं होतं. शब्द तयार होते, तू दोन कमी का लिहितेस, सात शब्दसुद्धा नाहीत. पण ते उच्चारले की पुढचा प्रश्न तिचा असणार होता, तुम्ही दोन का मिळवता, आणि त्याचं उत्तर भूगोलाच्या बाईंच्या मनगटापाशी जाणार होतं, रिमच खराब होती या वाक्यापाशी. तिथून पट्टीपाशी. त्याला वाटलं, तिला हेही माहीत असेल. तिला पट्टीचं माहीत असेल तर ती बारा वर्षं त्याची चूक झाकत आली होती, आणि त्याची समजूत अशी की तो तिची झाकतोय. मग तोंड कुणी कुणाकडे वळवायचं?

तीनला डोंगरवाला आला. हे नाव बायकोनेच ठेवलं होतं. पन्नाशीचा, बँकेतून लवकर निवृत्त झालेला, दर वर्षी सामान लादून एखाद्या घाटाच्या मागे लागणारा माणूस. स्टँडवरचं उघडं चाक बघून तो दारातच थबकला.

"काय हो, हे काय? सकाळीच बांधून तयार असेल म्हणाला होतात."

"सहाला घ्या."

"माझी गाडी पहाटे पाचची आहे. चाक नाही मिळालं तर मी तुमच्या खांद्यावर बसून घाट चढेन, सांगून ठेवतो."

"त्यांचा खांदा आऊट आहे," बायको म्हणाली. "एका बाजूला घासेल."

फिरताना डुलणाऱ्या चाकाला आऊट म्हणतात हे ठाऊक असलेला डोंगरवाला मोठ्याने हसला. चाकवालाही हसला, कारण हसण्यासारखं होतं, आणि हसताना त्याला वाटलं की ही बाई आपल्याकडे एवढी मोकळी आजवर कधी बोलली होती? की जवशाच्या दुकानात अशीच बोलते? मंगळवारी?

"वहिनी, खरं सांगा," डोंगरवाला म्हणाला, "चुकलं कुणाचं?"

"कुणाचंच नाही," ती म्हणाली. "रिमच तशी आहे."

तिने हे म्हणताना त्याच्याकडे पाहिलं नाही. तो मशीनपाशी वळला आणि स्पोकच्या जुडीवर हात ठेवून उभा राहिला. चौदा वर्षांपूर्वीचं त्याचं स्वतःचं वाक्य त्याच्या दुकानात, त्याच्यासमोर, दुसऱ्याच्या तोंडून आलं होतं, जवळजवळ शब्दाला शब्द. योगायोग असू शकतो. धंद्यात सगळेच रिमला बोल लावतात. डोंगरवाला गेला, सहाला येतो म्हणून, आणि जाताना रिमवर चापट मारून गेला.

त्यांनी दोघांनी मिळून छत्तीस स्पोक कापले. मशीन त्याने दोनशे चौऱ्याण्णववर लावलं, तिच्यादेखत, आणि ती आकड्याकडे बघते का ते पाहिलं. ती बघत नव्हती, किंवा बघून झालं होतं. तो कापत होता, ती आटे पाडून एकेक स्पोक तेलाच्या फडक्यातून ओढत होती. तिच्या बोटांची हालचाल त्याला पाठ होती, पण आज ती नव्याने दिसत होती, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची दिसते तशी. मधल्या बोटाचं नख तुटलेलं. कुठे तुटलं? मनगटावर नवा एक बारीक ओरखडा. ती अधूनमधून मान मागे टाकून डोळे मिटायची. डोळे दुखतात का तिचे? त्याने विचारलं असतं तर ती म्हणाली असती, थोडे. साडेपाचला चाक उभं राहिलं. आऊट नव्हतं. टोकं खाचेच्या तळाशी, जिथे असायची तिथे. त्याने बोटाने स्पोक छेडत एक फेरी मारली आणि सूर ऐकला. इतकं चांगलं चाक त्याने बरीच वर्षं बांधलं नव्हतं, आणि या आकड्यात त्याने काहीही मिळवलेलं नव्हतं.

मग त्याने सापळा लावला. नंतर त्याला दुसरा शब्द सुचला नाही. कोपऱ्यात एक रिम आणि हब होतं, पुढच्या आठवड्याचं काम. दुपारी ती भांडी घासत असताना त्याने ते स्वतःची पट्टी आणि दोन जुने स्पोक घेऊन गुपचूप मोजून ठेवलं होतं. दोनशे नव्वद. आता तो सहज म्हणाला, "हेही मोजून टाक ना आज. उद्या सकाळी कापतो." दोनशे अठ्ठ्याऐंशी आलं तर जुनी सवय परतली, कालची चूक अपघाती होती, सगळं पूर्वीसारखं. दोनशे नव्वद आलं तर ती बदलली होती, आणि का बदलली ते विचारावं लागणार होतं. दोनच उत्तरं शक्य होती. दोन्हींसाठी त्याने मनात वाक्यं जुळवून ठेवली होती.

"आत्ता?" ती म्हणाली.

"उजेड आहे तोवर."

तिने रिम आणि हब उचललं आणि मागच्या अंगणात नेलं. तिथे उजेड जास्त होता हे खरं, पण ती आजवर नेहमी टेबलावरच मोजत असे. कांड्यांचा बारीक आवाज एकदा आला, दुसऱ्यांदा आला. मग बराच वेळ काही नाही.

सहाला पाच कमी असताना फोन वाजला. त्याने उचलला.

"बाई आहेत का?" पुरुषाचा आवाज, घोगरा, घाईतला.

"कोण बोलतंय?"

"पुलाजवळून बोलतोय. त्यांच्याशीच काम होतं जरा. मापाचं."

चाकवाल्याने दाराबाहेर पाहिलं. ती पाठमोरी होती, रिम मांडीवर. "मला सांगा," तो म्हणाला. "मी निरोप देतो."

"तसं काही खास नाही हो. काल त्यांनी माप दिलं ना, तर चाक लांब आलं. दोन मिलिमीटर. त्यांचं माप दोन कमी असतं, आम्हाला माहीत आहे, आम्ही दोन मिळवूनच कापतो. चार वर्षांत कधी तक्रार नाही. काल पण मिळवले, तर लांब आलं. म्हटलं, आता त्यांनी पद्धत बदलली का, ते विचारावं. पुढची कापायच्या आधी."

"दोन कमी असतं," चाकवाला म्हणाला.

"असतंच. तुम्हाला माहीतच असेल."

सकाळपासून एकेक करून रचलेलं सगळं त्याच्या डोक्यात एकदम सैल झालं, चाकाचे स्पोक एका बाजूने सोडल्यावर होतं तसं. ती मंगळवारी तिथे जात होती, हे खरं निघालं. पण खरं माप ती तिथेही देत नव्हती. तिथेही दोन कमी. मग ती दोन कमी त्याच्यामुळे लिहीत होती की मुळातच? कांड्या खऱ्या आहेत, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. की त्याच्यासाठी लागलेली सवय ती पुलापलीकडेही घेऊन गेली होती, तिथे तिची गरज नसताना, आणि तिथल्या माणसाने ती ओळखली होती, तिला काही न सांगता भरून काढली होती? चार वर्षं आणखी एक माणूस तिच्या आकड्यात दोन मिळवत होता. हे ऐकून त्याला जे वाटलं त्याला त्याच्याजवळ नाव नव्हतं. ती त्या दुकानात काय करते, यापेक्षा हे जास्त लागलं. आणि काल, एकाच दिवशी, तिने दोघांनाही खरं सांगितलं होतं. काल काय झालं होतं?

ती आत आली. एका हातात रिम, दुसऱ्यात घडी घातलेली चिठ्ठी. "कोणाचा आहे?"

"तुझा," तो म्हणाला आणि फोन पुढे केला.

तिने चिठ्ठी खिळ्याला लावली नाही, त्याच्या हातात दिली. मग हात साडीला पुसले, फोन घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. "हो," ती म्हणाली. मग ऐकत राहिली.

त्याने घडी उलगडली. दोनशे एकोणनव्वद.

त्याने आकडा दोनदा वाचला. नऊच्या पोटात गाठ नव्हती, चारच्याच पोटात ती पडते. दोनशे अठ्ठ्याऐंशी नाही, दोनशे नव्वद नाही. या आकड्यात काही न मिळवता कापलं तर स्पोक एक मिलिमीटर आखूड येणार. दोन मिळवून कापलं तर एक मिलिमीटर लांब. चाक दोन्ही वेळा सांभाळून घेणार होतं. तो काय करणार हे तिला ठाऊक नव्हतं, आणि त्याने काहीही केलं तरी कुणी पडू नये, असा तिने तो आकडा निवडला होता. किंवा अंगणातल्या उतरत्या उजेडात तिला तो तेवढाच दिसला होता.

"नाही," ती फोनवर म्हणाली. आवाज खाली होता. "मी सांगेन त्यांना. मीच सांगेन."

बाहेर डोंगरवाल्याच्या जुन्या सायकलची घंटी वाजली. त्याने भिंतीला लावलेलं तयार चाक उचललं आणि तसाच उभा राहिला. सहा वाजून चार मिनिटं झाली होती. तिने अजून फोन ठेवला नव्हता.